मावळात रॅप कशाला, असं विचारणाऱ्यांना

"रॅप धारावीत शोभतो, मावळात कशाला?" हा प्रश्न हल्ली वडगावपासून खंडाळ्यापर्यंत कुठल्याही सांस्कृतिक बैठकीत ऐकू येतो. विचारणारी माणसं अरसिक नाहीत. त्यांत निवृत्त मुख्याध्यापक आहेत, वाचनालयांचे कार्यवाह आहेत, भजनात पखवाज वाजवणारे आहेत, शाळेतल्या पोरांकडून पोवाडे बसवून घेणारे आहेत. म्हणूनच त्यांना उत्तर देणं भाग आहे. अडाण्याची कुरकुर सोडून देता येते. जाणत्याची चूक मात्र पुढच्या पिढीच्या माथी बसते.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. रॅप परका आहे. त्यात शिव्या आणि फुशारक्या फार, संगीत कमी. तो महानगरातल्या झोपडपट्टीचं दुखणं सांगतो. मावळात डोंगर, धबधबे, भातखाचरं आणि वारकरी परंपरा असताना इथल्या पोराला ते दुखणं आणायचं कुठून? आणि शेवटचं, जरा मायेनं म्हटलेलं: हे सगळं आपल्या ओव्यांत, पोवाड्यांत होतंच, मग नव्याची गरज काय?

या सगळ्या आक्षेपांच्या मुळाशी एकच गैरसमज आहे, आणि तो रॅपबद्दलचा नाही, मावळाबद्दलचा आहे. मावळ हा मुलूख आजवर दुसऱ्यांच्या गोष्टीत मागचा पडदा म्हणून वापरला गेला. कधी इतिहासाचा पडदा, कधी पावसाचा. पडद्यापुढे वावरणारी, इथं राबणारी माणसं स्वतः बोलली तर काय सांगतील, हे ऐकायची सवय आपल्याला नाही. रॅप आवडला नाही तर नाही आवडला. पण त्या निमित्ताने जे बोलणं आपण दाबू पाहतो, ते दाबण्याचा हक्क कोणाला नाही.

आधी परकेपणाचं बघू. मावळातल्या कुठल्याही भजनी मंडळात आज पेटीशिवाय पान हलत नाही. ही पेटी युरोपातून आली. आकाशवाणीने 1940 साली याच पेटीवर बंदी घातली होती. ती परकी आहे, तिच्यातून मींड निघत नाही, आपल्या श्रुती तिच्यात बसत नाहीत, ही तेव्हाची कारणं. ती बंदी सैल व्हायला 1971 उजाडलं. तोवर आपल्या आजोबांनी आकाशवाणीला न विचारता काकड्याला पेटी लावली होती. त्या पेटीवर अभंग म्हणणारा माणूस कमी वारकरी ठरला नाही. मग मोबाइलवरच्या बीटवर स्वतःच्या गावाची गोष्ट सांगणारा पोरगा कमी मावळी कसा ठरतो? वाद्य कुठून आलं हा प्रश्न जकात नाक्यावर ठीक आहे. गाण्याला विचारायचा प्रश्न वेगळा: यात कोण बोलतंय आणि कशाबद्दल?

हिप-हॉप तरी कुठे एका जागचा आहे? न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये 1973 साली ज्याच्या पार्टीपासून त्याची जन्मकथा सांगतात, तो डीजे कूल हर्क मूळचा जमैकाचा. पुढे तो प्रकार इंग्लंडात गेला आणि तिथं जे घडलं ते आपल्या कामाचं आहे. सुरुवातीची ब्रिटिश पोरं सर्रास अमेरिकन उच्चारात रॅप करायची. जन्म लंडनचा, तोंडात न्यूयॉर्क. तेव्हाही तिथले जाणते म्हणत होते की ही निव्वळ नक्कल आहे, आणि त्यांचं बरोबर होतं. मग लंडन पॉसीसारख्या मंडळींनी 1990च्या सुमारास आपल्याच मोहल्ल्याच्या तोंडी भाषेत, जमैकन आणि कॉकनी वळणाच्या इंग्रजीत बोलायला सुरुवात केली आणि नकलेला उतार पडला. रूट्स मनुव्हाने 2001च्या एका गाजलेल्या गाण्यात ब्रेडवरचं भाजलेलं चीज आणि पबमधली बिअर आणून ठेवली. माइक स्किनरने 'द स्ट्रीट्स' या नावाने 2002 साली पहिला अल्बम काढला. आवाज घुमू नये म्हणून रिकाम्या कपाटात गाद्या-रजया कोंबून तो गायला होता, असं सांगतात. डिझी रास्कल हा पूर्व लंडनच्या बो भागातला, नगरपालिकेच्या चाळवजा इमारतींत वाढलेला पोरगा. त्याच्या पहिल्या अल्बमला 2003चं मर्क्युरी पारितोषिक मिळालं, तेव्हा त्याने विशीही गाठली नव्हती.

या सगळ्यांत उसनं काय होतं? ठेका. स्वतःचं काय होतं? भाडं, बस, भत्त्याची रांग, शेजारचा टोळभैरव, आईची कामाची पाळी, स्वस्तातलं जेवण. म्हणजे नकलेवरचा उपाय परंपरेकडे परत जाणं हा नव्हता. घराकडे नीट बघणं हा होता. आपल्या मुलांना सांगायचं असेल तर हे सांगा. 'हे आपलं नाही' एवढं बोलून दार लावून घेतलं तर तो पोरगा घराबाहेर राहील आणि तिथं नक्कलच करत बसेल.

आता शिव्यांचा आणि फुशारकीचा मुद्दा. यात तथ्य आहे आणि ते मी नाकारत नाही. यूट्यूबवर मराठी रॅप शोधलात तर दहातल्या बऱ्याच गाण्यांत सोन्याच्या साखळ्या, 'भाईचा वट' आणि न पाहिलेली पिस्तुलं भेटतील. कामशेतच्या पोराने जन्मात न पाहिलेल्या बंदुकीबद्दल गायचं, हे खोटंच आहे. पण याच न्यायाने दुसरं एक खोटंही मोजायला घ्या. 'सह्याद्रीने हिरवा शालू नेसला', 'ढग डोंगराच्या कुशीत विसावले' असल्या ओळी दर आषाढात किती छापल्या जातात? त्या लिहिणाऱ्यांपैकी कितीजणांनी चिखलात वाकून भाताची रोपं लावली आहेत? त्या शालूला कोणी हरकत घेत नाही, कारण तो सभ्य आहे. मला दोन्ही खोटी सारखीच वाटतात. एक लोणावळ्याकडे शनिवार-रविवारच्या गाडीच्या काचेतून बघतं, दुसरं मुंबईच्या गल्लीकडे मोबाइलच्या काचेतून बघतं. तेव्हा टीका करायची तर असत्यावर करा. असत्य बीटवर आलं की वाईट आणि वृत्तात आलं की गोड, हा दुजाभाव चालणार नाही.

आणि हा नुसता गोंगाट असेल, तर सत्तेला त्याची एवढी चिंता का वाटावी? एप्रिल 2023 मध्ये राज मुंगासे आणि उमेश खाडे या दोन मराठी रॅपर्सवर राज्यातल्या राजकारणावरच्या गाण्यांसाठी पोलिसांनी गुन्हे नोंदवले. लंडनमध्ये पोलिसांनी 2005 पासून 'फॉर्म 696' नावाचा एक अर्ज चालवला होता. कार्यक्रम ठेवणाऱ्याने त्यात कलाकारांची माहिती भरायची. सुरुवातीच्या अर्जात तर कुठल्या प्रकारचं संगीत आहे आणि श्रोते कुठल्या वंशाचे येणार, हेही विचारलेलं असे. टीका वाढत गेली आणि नोव्हेंबर 2017 मध्ये तो अर्ज रद्द झाला. आपल्याकडे याच्याही कितीतरी आधी, अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाला मुंबई सरकारच्या बंदीला तोंड द्यावं लागलं होतं. आज त्याच अण्णाभाऊंची जयंती सरकारी खर्चाने साजरी होते. तेव्हाचे सभ्य लोक त्यांच्या तमाशाला काय म्हणत होते, ते आठवून बघा. प्रचारकी, भडक, असंस्कृत. शब्द ओळखीचे वाटतात ना?

संगीत कमी आहे, या आक्षेपात फार वेळ घालवायची गरज नाही. कीर्तनकार आख्यान लावतो तेव्हा गातो किती आणि बोलतो किती? शाहीर पोवाड्याच्या मधे डफ थांबवून गद्य सांगतो, त्याला कोणी बेसूर म्हणत नाही. लयीत बोललेलं ऐकायला मराठी कान पहिल्यापासून तयार आहे. अडचण कानाची नसून मनाची आहे.

इथंच तो मायेचा आक्षेप पुढे येतो: 'मग बघा, आपल्याकडे होतंच की!' सभांतून आता असंही ऐकू येतं की तुकोबा हेच आद्य रॅपर, जात्यावरची ओवी म्हणजेच आपला रॅप. रॅपची बाजू घेणारेही हेच बोलतात आणि टाळ्या मिळवतात. मला हे म्हणणं विरोधापेक्षा जास्त घातक वाटतं.

मावळ-मुळशीच्या डोंगराळ भागात गरीब डोंगरी संघटनेच्या कामातून हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. पॉयटवँ जन्माने फ्रेंच, पुढे भारताचे नागरिक झाले. गावोगावच्या बायकांना भेटून, त्यांच्याच संघटनेतल्या माणसांच्या मदतीने, एक लाखाहून अधिक ओव्या त्यांनी नोंदवल्या. जगात अशा प्रकारचं काम विरळाच. त्या ओव्यांत काय नाही? सासरचा जाच, भावाची वाट, मोटार, मुंबई, बाबासाहेब, दुष्काळ, पोराचं आजारपण. तपशील इतका की इतिहासाच्या पुस्तकाने लाजावं. पण ओवी अंधारात, पहाटे, जात्याच्या घरघरीच्या आडोशाने गायली जाई. श्रोता म्हणजे जात्याच्या दुसऱ्या बाजूची जाऊ किंवा नणंद, फार तर झोपेतलं लेकरू. बाईने मनातलं बोलावं पण कोणी ऐकू नये, अशी ती सोय होती. ओवी कोणाच्या मालकीची नव्हती. एकीची दुसरीने घेतली, त्यात आपल्या भावाचं नाव घातलं. रॅप याच्या नेमका उलट उभा आहे. तो चारचौघांत येतो, स्वतःचं नाव सांगतो, गाव सांगतो, 'हे मी म्हणतोय' असं छातीवर हात ठेवून म्हणतो आणि समोरच्याला जाब विचारतो. ओवीला रॅप म्हटलं की त्या बाईचा एकांत हिसकावला जातो, आणि रॅपला ओवी म्हटलं की त्या पोराची हिंमत पुसली जाते. शिवाय घरोघरची जाती पिठाच्या गिरणीने थांबवली, तेव्हा ओवीही थांबली. ती वाचवायला आपल्यापैकी कोणी धावलं नव्हतं. आता दुसऱ्याचं तोंड बंद करायला तिचं नाव घेणं शोभत नाही.

पोवाड्याचंही तसंच. पोवाडा थोर आहे, यात वाद नाही. पण जुना पोवाडा बहुतेक वेळा सरदाराच्या नावाने उभा राहतो. ज्यांच्या पायांवर गड चढला गेला, त्या पायदळाची नावं त्यात क्वचित येतात. तोच हिशेब पुढे चालू राहिला. बोरघाटातला रेल्वेमार्ग 1856 ते 1863 या काळात खोदला गेला. 25 बोगदे. काम ऐन भरात असताना 40,000हून अधिक माणसं तिथं राबत होती. कॉलरा, ताप, सुरुंग, दरडी यांत हजारो मेली. सॉलोमन ट्रेडवेल नावाचा ठेकेदार 1859 साली इथं येऊन थोड्याच दिवसांत आजाराने वारला आणि त्याच्या बायकोने, अॅलिस ट्रेडवेलने, ठेका पुढे नेला. तिचं नाव पुस्तकांत आहे, असायलाच हवं. डोक्यावर दगडाची पाटी घेऊन तोच कडा चढणाऱ्या बायकांपैकी एकीचं तरी नाव तुम्हाला ठाऊक आहे? मला नाही.

पुढे टाटांच्या जलविद्युत योजनेची कोनशिला लोणावळ्यात 1911 साली बसली. वळवण, शिरवटा, लोणावळा अशी धरणं झाली. खोपोलीला वीज तयार होऊन 1915 पासून मुंबईच्या गिरण्या तिच्यावर चालू लागल्या. मावळचं पाणी मुंबईला गेलं, पाठोपाठ मावळचा माणूसही गेला. कोणी गिरणीत, कोणी हमालीला, कोणी डबे पोचवायला. मुंबईचे डबेवाले बहुतांश खेड, मावळ, मुळशी, जुन्नर, आंबेगाव या पट्ट्यातले. महादू बच्चे यांनी 1890 साली हे काम सुरू केलं असं मानतात. त्यांची गोष्ट जगाने ऐकली. हार्वर्डने त्यावर अभ्यास लिहिला, 2003 साली प्रिन्स चार्ल्स त्यांना चर्चगेटला भेटून गेले. पण ती गोष्ट कसली होती? चुका किती कमी होतात याची, व्यवस्थापनाची. साठ-पासष्ट किलोंची पाटी डोक्यावर घेऊन लोकलच्या डब्यात शिरताना मानेचं काय होतं, खोलीत किती जण झोपतात, जत्रेला गावी गेल्यावर पोरं ओळखतात का, हे व्यवस्थापनाच्या पुस्तकाचे विषय नव्हेत. ते गाण्याचे विषय आहेत. गावाकडे राहिलेल्या बायकोच्या आठवणीने व्याकूळ झालेला मुंबईतला कामगार अण्णाभाऊंनी छक्कडीत उभा केला, म्हणून तो आज आपल्याला दिसतो. नाहीतर तोही आकड्यात गेला असता.

आता उरला सर्वांत मोठा आक्षेप: मावळात झोपडपट्टी नाही, मग दुखणं कसलं?

पवन मावळातल्या एखाद्या पॉलिहाउसात भल्या सकाळी जाऊन या. गुलाबाची तोडणी उजाडताच सुरू होते, कारण कळी मिटलेली असतानाच दांडा कापावा लागतो. उमललेलं फूल परदेशी पोचेपर्यंत टिकत नाही. कळी मोठी व्हावी म्हणून वाढत्या कळीवर जाळीची टोपी चढवतात, ती चढवायची बाईने, काढायचीही बाईनेच. मग ग्रेडिंगचं टेबल. टेबलावर मापाच्या रेघा: 40 सेंटिमीटर, 50, 60. दांडा रेघेला लावायचा, वाकडा असेल तर बाजूला, सरळ असेल तर त्याच्या लांबीच्या ढिगात. खालची पानं आणि काटे ओढून काढायचे. 20 कळ्या मोजायच्या, कळ्यांची डोकी एका पातळीत आणायची, पुठ्ठ्यात गुंडाळायची, रबर चढवायचं, बुंधे एका घावात सारखे करायचे, पाण्याच्या बादलीत उभी करायची. बादली शीतगृहात. बाहेर प्लास्टिकच्या छताखाली अंगाला घामाच्या धारा, आत दोन-चार अंश, आणि बाई दिवसभर या दारातून त्या दारात. फेब्रुवारीचा पहिला आठवडा म्हणजे ऐन सुगी. तेव्हा सुट्टी मागायची नसते.

'जगाला गुलाब देते, तिला कोणी दिला नाही' ही ओळ कोणालाही सुचेल. ती टाळावी. तिच्यात आपण त्या बाईकडे बघून हळहळतो आणि घरी जातो. बाईला विचाराल तर ती वेगळंच सांगेल: कुठल्या जातीच्या गुलाबाला काटे कमी, कुठला सुपरवायझर जुडी परत पाठवतो, टेम्पो चुकला तर तीन किलोमीटर पायपीट, हजेरी अर्धी कधी पडते. टोपी, रेघ, वीस, रबर, घाव, बादली: या कामाला आधीच ठेका आहे. तो शब्दांत पकडायला बाहेरून कोणी यायची वाट का बघायची?

आणि ही एकच जागा झाली. चिक्कीच्या कारखान्यात पाक ओट्यावर पडल्यापासून लाटून, आखून, कापून होईपर्यंत दम खायला उसंत नसते. पाक थंडावला की माल वाया. घाटात पावसाळी रात्री हातात बत्ती घेऊन रूळ तपासत चालणारा ट्रॅकमन आहे, वर दरड आणि पुढून गाडी. द्रुतगती मार्ग उतरताच गाडीला आडवं येऊन 'बंगला पाहिजे का, बंगला' म्हणणारी पोरं आहेत. बरीचशी इथलीच, काहींच्या आजोबांच्या रानावरच आज तो बंगला उभा आहे. रान विकून आलेला पैसा घर, लग्न, पांढरी गाडी यांत संपला आणि पोरगा त्याच बंगल्याच्या फाटकावर पाहुण्यांची वाट बघत बसला, अशी घरं दाखवायला फार लांब जावं लागत नाही. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना डिसेंबर 2020 मध्ये बंद झाला. हजाराहून अधिक कायम कामगारांची नोकरी गेली. जागा पुढे ह्युंदाईने घेतली, बातम्या गुंतवणुकीच्या आल्या. वीटभट्टीवर उचल घेऊन कुटुंबासकट जाणारा कातकरी आहे. आणि 9 ऑगस्ट 2011 आहे. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद नळाने पाणी नेण्याला विरोध करणारे शेतकरी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले, पोलिसांनी गोळीबार केला आणि तिघांचा जीव गेला. त्यात एक बाई होती. दर वर्षी त्या दिवशी हार घातले जातात, भाषणं होतात. त्या दिवसाची पहाट, डब्यात बांधलेली भाकरी, बायका रस्त्यावर कशा बसल्या, हे सांगणारं एक गाणं इथल्या शाळकरी पोराला पाठ आहे का?

लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला 14 जून 2017 रोजी आग लागून 72 माणसं मेली. तिथं राहणारी बहुतेक कष्टकरी आणि स्थलांतरित कुटुंबं. चौकशी वर्षानुवर्षं चालली, पण त्याच भागातल्या लोकी या रॅपरचं गाणं त्याच वर्षी आलं. चौकशीच्या अहवालाची बरोबरी गाणं करत नाही, करूही नये. पण अहवाल येईपर्यंत माणसं विसरली जाऊ नयेत, हे काम गाण्याचं आहे, आणि ते त्याने केलं.

कोणी म्हणेल, मग हे सगळं रडगाणंच झालं. कष्टकऱ्याचं जगणं म्हणजे नुसतं रडणं, ही समजूत कष्ट न केलेल्यांचीच असते. 'द स्ट्रीट्स'चा 2004चा अल्बम एका माणसाचे हजार पाउंड हरवतात, एवढ्याशा गोष्टीवर उभा आहे. मित्रावर संशय, प्रेयसीशी भांडण, मोबाइलची बॅटरी संपणं, आणि शेवटी पैसे सापडतात ते घरातल्याच टीव्हीच्या मागे. अख्खा अल्बम हसत-चिडत ऐकावा असा. मावळातल्या कुठल्याही पारावर असले किस्से रोज संध्याकाळी रंगतात. पगार झाला त्या दिवशी कोणाला काय झालं, मुंबईच्या पाहुण्याने चुलीवरचं जेवण मागितलं आणि धुराने खोकत पळाला, कंपनीच्या बसमध्ये कोण कोणाच्या खांद्यावर झोपलं. विनोद तिथं आहे, फक्त तो माइकपर्यंत पोचत नाही.

मराठीत हे होतच नाही, असं नाही. 'स्वदेसी' या मुंबईच्या गटाने तिथल्याच आरे जंगलातल्या आदिवासींच्या प्रश्नावर वारली कलावंत प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन गाणं केलं. महादेव कोळी समाजातून आलेली माही जी जंगल, उकाडा, आदिवासींचं जगणं यांवर मराठीत रॅप करते. दोघांकडेही साखळ्या नाहीत, पिस्तुलं नाहीत. माहितीतलं जग आहे. हे सह्याद्रीच्या त्या बाजूला होऊ शकतं, तर घाटाच्या या बाजूला न व्हायला काय झालं? महादेव कोळी, ठाकर, कातकरी तर इथंही आहेत. ठेका फुकट मिळतो, मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे. कमी आहे ती ऐकणाऱ्यांची.

म्हणून या आक्षेपकांना माझी एक विनंती आहे आणि ती ते सहज पुरी करू शकतात, कारण शाळा, वाचनालयं, मंडळं त्यांच्याच हातात आहेत. गणपतीत डीजेच्या भिंतीवर जे उधळता, त्यातली थोडी रक्कम बाजूला काढा. व्याख्यानमालेतली एक संध्याकाळ या पोरापोरींना द्या. पाहुण्या वक्त्याला देता तेवढीच बिदागी त्यांनाही द्या. अट एकच घाला: जे पाहिलं, जे केलं, तेच सांगायचं, आणि घरी बोलतो त्या भाषेत सांगायचं. बंदूक नको, शालूही नको. गाणं झाल्यावर जरूर झोडा. कुठली ओळ खोटी, कुठला शब्द उसना, कुठे ठेक्यासाठी गोष्ट मोडली, हे पोवाड्याच्या स्पर्धेत पारखता तितक्याच कडकपणे सांगा. त्यांना त्याची गरज आहे आणि ते सांगायची तयारी तुमच्याइतकी कोणाची नाही. पण हा प्रकार आपला की परका, हे आधी ठरवायला बसू नका. मावळातला माणूस मावळाबद्दल खरं बोलला, की ते मावळाचं झालं.